आजोबांचा तिकीट नंबर

२०२३ साली म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुन्हा एकदा कागद मागवले. मुंबईतल्या ५८ बंद गिरण्यांपैकी एखाद्या गिरणीच्या पटावर १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर ज्याचं नाव होतं, तो किंवा त्याचा वारस पात्र. पुराव्यांची यादी लांबलचक: तिकीट नंबरचा पास, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, फंडाचा नंबर, ईएसआयचं कार्ड, हजेरीपत्रक, पगाराची पावती. अर्जदार दीड लाखाच्या घरात. तेव्हा लालबाग-परळमधल्या आणि तिथून उठून विरार-बदलापूरला गेलेल्या कितीतरी घरांत पोटमाळ्यावरच्या ट्रंका खाली आल्या. पन्नाशीला आलेली मुलं वडिलांचे कागद पहिल्यांदाच नीट वाचत होती. गिरणीचं नाव बहुतेकांना ठाऊक होतं. वडील कुठल्या खात्यात होते, असं विचारलं की अडायचं. "मशीनवर होते," एवढंच उत्तर. ज्या माणसाने तीस वर्षं एका भोंग्यावर उठून घर चालवलं, त्याच्या कामाचं नाव घरात कुणाला सांगता येत नव्हतं, आणि ते शोधायची वेळ आली ती एका फॉर्मपायी.

आई-बाबांनो, तुमच्याशी बोलायचं आहे ते यावर. परळच्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं शिकवलं. पालकसभेत हमखास एक प्रश्न यायचा: "बाई, मुलांवर संस्कार कसे करायचे हो?" मग श्लोक, सुट्टीतले वर्ग, टीव्ही बंद ठेवण्याचे नियम असं सगळं बोलणं व्हायचं. यातलं काही वाईट नाही. पण "आमच्या घरात जे घडलं ते मुलांना कसं सांगू?" असं विचारायला फारसं कुणी आलं नाही. मला मात्र वर्गात दिसायचं की ज्या पोरांना घरातली एखादी खरी हकीकत तपशिलासकट माहीत असते, ती पोरं वेगळी बोलतात. "आमचे आजोबा फार प्रामाणिक होते" हे वाक्य मुलाच्या डोक्यावरून जातं. आजोबांना कोणी, किती पैसे देऊ केले होते, त्यांनी ते का नाकारले, आणि त्या महिन्यात घरात काय शिजलं, हे सांगितलं तर ते पोर पुढचा प्रश्न विचारतं. मूल्य पोचलं की नाही, हे मी त्या पुढच्या प्रश्नावरून ओळखते.

पूर्वी हे काम एकट्या आईबापांच्या गळ्यात नव्हतं. चाळीच्या गॅलरीत कुणीही येता-जाता सांगायचं: तुझा बाप शाळा बुडवून भारतमाताला पिच्चर बघायला जायचा, तुझ्या आजोबांनी वर्गणीच्या हिशेबावरून अख्खं मंडळ अंगावर घेतलं होतं, तुझ्या आजीने नळावर अमकीला असं सुनावलं की ती आठवडाभर पाण्याला आली नाही. घरात आजोबांच्या तसबिरीला हार असायचा. गॅलरीत त्याच आजोबांना कोणी चिडकं म्हणायचं, कोणी दिलदार, आणि एखादा म्हातारा "माझे दहा रुपये द्यायचे राहिले त्याचे" म्हणून हसायचा. मुलाला आजोबा चारी बाजूंनी कळायचे.

हे वाचून मी चाळींसाठी गळा काढणार, असं समजू नका. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळी १९२० च्या दशकात उठल्या. १६० चौरस फुटांची खोली आणि मजल्याच्या टोकाला सामाईक संडास. त्यात तीन पिढ्या वाढल्या, हे कौतुकाने सांगणाऱ्यांपैकी बरेचजण तिथून कधीच बाहेर पडलेले असतात. रात्री-अपरात्री त्या लांबच्या संडासाकडे जाणाऱ्या बायकांना विचारा. आता वरळीतल्या पहिल्या लोकांना २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही काम चालू आहे, आणि ते चांगलंच आहे. फक्त त्या टॉवरमध्ये दार लागलं की आजोबांबद्दल बोलणारं एकच माणूस उरतं, ते म्हणजे तुम्ही. तुम्ही जे गाळाल ते कायमचं गळलं. "असं नव्हतं रे ते, खरी गोष्ट वेगळीच आहे," असं म्हणणारी शेजारची काकू आता डोंबिवलीला असते.

आणि गाळतो आपण भरपूर. गिरणगावातल्या घरांनी सर्वात जास्त काय गाळलं असेल, तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो नुसता विरत गेला. कोणी गावी गेले, कोणी नाक्यावर भाजी मांडली, कोणी वॉचमन झाले, आणि ते ज्या गेटवर उभे राहिले तिथे पूर्वी त्यांचीच गिरणी होती, असंही घडलं. मुलींची शाळा सुटली, खोल्या विकल्या गेल्या. त्या काळात जी मुलं आठ-दहा वर्षांची होती, ती आज आजी-आजोबा व्हायला लागली आहेत. त्यांना विचारलं की सांगतात: बाबा गप्प बसायचे. मोरीपाशी पाट टाकून बसून राहायचे. कोणी काही विचारत नसे.

हरलेल्या माणसाने आपली गोष्ट मुलांना का सांगितली नाही, हे समजण्यासारखं आहे. पण मुलांनी ती मोकळी जागा रिकामी ठेवली नाही, आपल्या परीने भरली. काहींनी ठरवलं की बाप मूर्ख होता, युनियनच्या नादाला लागला. काहींनी ठरवलं की तो आळशी होता. खरं कारण बापाच्या तोंडून ऐकलं असतं तर ते इतकं कडू निघालं नसतं. बदली कामगार रोज सकाळी गेटवर उभा राहायचा, कायमच्या कामगारांपैकी कोणी गैरहजर असेल तरच आत घेतला जायचा, नाहीतर परत घरी. वर्षानुवर्षं तसं उभं राहिलेल्या माणसाला संप म्हणजे काय वाटला असेल, हे त्या गेटचं वर्णन केल्याशिवाय मुलाला कळणार कसं? मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावात हिंडून कामगारांना, त्यांच्या बायकांना, शाहिरांना, कार्यकर्त्यांना बोलतं केलं. त्यातून २००४ मध्ये शंभर वर्षांचा मौखिक इतिहास इंग्रजीत पुस्तक होऊन आला आणि पुढे 'कथा मुंबईच्या गिरणगावची' म्हणून मराठीतही. लालबाग-परळशी तुमचं काही नातं असेल तर ते पुस्तक घरात आणा. तुमच्या वडिलांनी जे सांगितलं नाही, ते त्यात कोणाच्या तरी वडिलांनी सांगितलेलं सापडेल. तिथून सुरुवात करता येते.

यात एक अवघड वळण आहे, आणि बहुतेक पालक ते टाळतात.

शाळेत मी पोरांना आजी-आजोबांच्या कामाबद्दल लिहून आणायला सांगत असे. एकदा दोन मुलांचे आजोबा एकाच गिरणीतले निघाले. पोरं खूश. एकाने अभिमानाने लिहिलं होतं की आजोबा साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते, तिथे पगार जास्त, मान जास्त. दुसऱ्याचे आजोबा त्रासनमध्ये, म्हणजे सूतकताईत. दुसऱ्याने विचारलं, "मग माझे आजोबा जास्त पगाराच्या खात्यात का नाही गेले?" पहिल्याला उत्तर येत नव्हतं. मला येत होतं. साचा चालवताना कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचं तोंड लागणार म्हणून सवर्ण कामगारांनी दलितांना साचेखात्यात येऊ दिलं नाही. दलित कामगार मुख्यतः कमी पगाराच्या त्रासन खात्यात राहिले. १९२८ च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला होता. म्हणजे एका पोराच्या घरातला अभिमान आणि दुसऱ्याच्या घरातली कमी कमाई, दोन्हींचा उगम एकाच धोट्यात होता.

मी ते वर्गात सांगितलं. दोन्ही घरांतून काही पालक भेटायला आले. एका बाजूचं म्हणणं, जुनं कशाला उकरता? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आम्ही मुलाला हे मुद्दामच सांगितलं नव्हतं, त्याला कमीपणा वाटेल. दोघांचीही काळजी खरी होती. तरी माझं मत बदललं नाही. साचेखात्यातल्या आजोबांनी कष्ट केले, ते खरेच. त्यांच्या नातवाला त्या कष्टांचा अभिमान जरूर वाटू दे. त्यांच्या खात्याचं दार कोणासाठी बंद होतं हे त्याला कळलं, तर अभिमान कमी होत नाही, त्याला जरा अक्कल येते. आणि त्रासनमधल्या आजोबांच्या नातवाला कळायला हवंच की आजोबा कमी पडले नव्हते. कमीपणाची भीती वाटते ती कारण दडवल्यामुळे.

बाबासाहेबांचं नाव निघालंच आहे तर परळमधल्याच एका बापाबद्दल बोलू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सुभेदार रामजी सकपाळ परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत होते. पेन्शन तुटपुंजी. खोलीत सगळ्यांना झोपायला जागा नाही. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचा, रामजी दोन वाजेपर्यंत जागे राहायचे, मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हायचे. मुलाला पुस्तक हवं असलं आणि हातात पैसे नसले, तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचे. त्यांचा एखादा दागिना गहाण ठेवायचा, पेन्शन आली की सोडवून परत द्यायचा. धनंजय कीरांच्या चरित्रात हे सगळं आलं आहे आणि ते बाबासाहेबांच्या आठवणींतूनच आलं आहे.

यात रामजींचं एखादं उपदेशाचं वाक्य कोणी लक्षात ठेवलेलं नाही. दोन वाजता उठवणं लक्षात राहिलं. दुसरी गोष्ट, त्या बहिणींची. शिक्षणाचं मोल सांगताना आपण बाप आणि मुलगा एवढेच धरतो. दागिना मंजुळा आणि तुळसा या बहिणींचा होता. तो गहाण पडला तेव्हा सासरी त्यांना काय ऐकावं लागलं असेल, याचा विचार आपण करत नाही. तुमच्या घरातही कोणीतरी शिकलं असेल. ते कोणाच्या बांगडीवर शिकलं, हे मुलांना सांगितलंत का? गिरगाव-दादरच्या पांढरपेशा घरांत ही बांगडी बहुतेक वेळा आत्याची असते. टेलिफोन खात्यात किंवा विमा कंपनीत लागलेली, भावांची शिक्षणं होईपर्यंत लग्नाचं पुढे ढकललेली, आणि मग ते राहूनच गेलेली आत्या. भावांचे कॉन्व्होकेशनचे फोटो भिंतीवर आहेत. आत्याचा फोटो असलाच तर कोणाच्या तरी मुंजीतला, मागच्या रांगेतला. पोरांना ती "प्रेमळ, पण जरा विक्षिप्त" म्हणून माहीत असते. तिची पासबुकं बघितली तर घराचा इतिहासच वेगळा दिसेल.

आजीचं तर याहून मोठं गौडबंगाल. तुमच्या मुलाला आजीचं माहेरचं नाव ठाऊक आहे का? आडनाव विचारत नाहीये. लग्नात बदललं त्याच्या आधीचं, आईबापांनी ठेवलेलं नाव. एखाद्या रविवारी विचारून बघा, तुम्हालाच आठवायला वेळ लागेल. 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. ते आज आपल्याला माहीत आहे, कारण त्यांनी लिहून ठेवलं. त्यांनी लिहावं म्हणून मुलगा देवदत्त मागे लागला, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर त्यानेच पुरा केला. त्या पुस्तकात बापाच्या सोवळ्याचं वेड आहे, नवऱ्याचा विक्षिप्तपणा आहे, भांडणं आहेत, उपासमार आहे, आणि सगळं हसत-हसत सांगितलेलं आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक त्यामुळे लहान झाले का? मला तर ते त्यांच्या कवितांपेक्षा त्या पुस्तकात जास्त जवळचे वाटतात.

गिरणगावातल्या आजीबद्दल तर ठरलेलं वाक्य असतं: "ती काही करत नव्हती, घरीच असायची." घरी काय करायची? बायका-पोरं गावी ठेवून आलेल्या दहा-पंधरा कामगारांचं दोन वेळचं रांधायची. तीन पाळ्यांची माणसं, तीन वेळांचे डबे. सकाळच्या पाळीचा डबा भोंग्याआधी भरलेला हवा. सत्तरच्या दशकातल्या संपात याच बायकांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः सावकाराच्या दारात गेल्या. ते बघून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. तुमची आजी त्यातलीच असेल तर ती "घरीच" नव्हती, ती धंदा चालवत होती. तिची उधारी कोणी बुडवली, कोणी गावाहून मनीऑर्डर करून फेडली, हे अजून तिला नावानिशी आठवत असेल. दुसऱ्याचे पैसे बुडवू नयेत हे नातवाला शिकवायचं असेल, तर त्या मनीऑर्डरीपासून सुरुवात करा.

काही घरं म्हणतात, आमच्याकडे घराणंच नाही, सांगायचं काय? त्यांना नारायण सुर्व्यांचं उदाहरण देते. गिरणीत राबणाऱ्या गंगाराम आणि काशीबाई सुर्व्यांना सापडलेलं ते बेवारस मूल. त्यांनी आपलं नाव दिलं, परवडेल तेवढं शिकवलं. पुढे त्याच मुलाने 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 'माझे विद्यापीठ' लिहिलं, पद्मश्री घेतली, आणि सुर्वे हे नाव मराठी कवितेत कायमचं नोंदवलं. वंशावळीचा तिथे पत्ताच नव्हता. दत्तक घेतलेलं मूल असलेल्या, दुसरं लग्न झालेल्या, एकट्या आईच्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावं. तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवर मुलाचा हक्क बसतो, मग त्याचं रक्त कोणाचं का असेना.

आता थोडं संशोधनाचं. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २००१ च्या सुमारास मुलांना वीस प्रश्न विचारले: आजी-आजोबा कुठे वाढले, आईबाबा कुठे भेटले, घरावर आजारपणाचं किंवा दुसरं कोणतं संकट आलं होतं का, असे. ज्या मुलांना उत्तरं जास्त माहीत होती, ती संकटात जास्त टिकून राहतात, त्यांना स्वतःवर जास्त भरवसा असतो, असं त्यांना आढळलं. हे वाचून काही उत्साही पालक लगेच प्रश्नमंजूषा काढतील, म्हणून सांगून ठेवते: उत्तरं पाठ करून घेऊन काही होत नाही, असं ड्यूक स्वतःच म्हणतात. ती उत्तरं ज्या घरात आपोआप कळत जातात, तिथे माणसं एकत्र जेवतात, बोलतात, वाद घालतात, गुण त्याचा. त्यांनी आणखी एक पाहिलं. काही घरं म्हणतात, आम्ही शून्यातून वर आलो. काही म्हणतात, आमचं एकेकाळी खूप होतं, सगळं गेलं. मुलांना सर्वात जास्त बळ देतो तो तिसरा प्रकार: कधी वर गेलो, कधी आपटलो, परत उभे राहिलो, आणि सगळ्यात एकमेकांना धरून होतो. गिरणगावातलं बहुतेक प्रत्येक घर या तिसऱ्या प्रकारातलं आहे. आपण मात्र पहिल्या प्रकाराची हौस धरतो, पाहुण्यांसमोर विशेषतः.

सांगायचं कधी? मुलाला समोर बसवून तर मुळीच नको. "ये, तुला आजोबांची गोष्ट सांगतो," म्हटलं की दहा वर्षांचं पोरही उठून जातं. हाताला काम हवं. वाटाणे सोलताना, फडताळ आवरताना, गणपतीची आरास काढून ठेवताना बोलणं आपसूक निघतं. सर्वात उत्तम म्हणजे चालताना. चिंचपोकळी स्टेशनला उतरा आणि लोअर परळपर्यंत पायी जा. जिथे आता फिनिक्सचा मॉल आहे तिथे कापड निघायचं, हे मुलाला सांगा. त्याला खोटं वाटेल. मग उरलेली चिमणी दाखवा. लालबागच्या राजाच्या रांगेत तास-तास उभे राहताच, तर १९३२ मध्ये पेरू चाळीजवळचा बाजार बंद पडला, कोळणी आणि फेरीवाले उघड्यावर आले, हक्काच्या बाजारासाठी त्यांनी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ मध्ये राजा बसला, हे त्या रांगेतच सांगा. सेलिब्रिटी कोण आलं याची चर्चा कानावर येतच असते, बाजार गमावलेल्या माणसांची आपण करावी.

आणि एकट्याने सांगू नका. तुमची बाजू तेवढी कळून उपयोग नाही. डोंबिवलीच्या काकूला फोन लावा, स्पीकरवर ठेवा, आणि ती तुमचं म्हणणं खोडून काढू लागली की गप्प बसा. सावंतवाडीची मावशी मालवणीत सांगते म्हणून मध्येच प्रमाण मराठीत किंवा इंग्रजीत करून देऊ नका. पोराला अर्धं कळेल, अर्ध्यासाठी ते विचारेल. फोनमध्ये रेकॉर्ड करायला हरकत नाही, पण कॅमेरा समोर धरला की म्हातारी माणसं भाषण करतात. नुसता आवाज घ्या. फोटोंच्या मागे पेन्सिलीने नावं लिहून घ्या, आजी आहे तोवर. तिच्यानंतर तो मागच्या रांगेतला टोपीवाला कोण, हे सांगणारं कोणी नसतं.

सगळंच सगळ्या वयात सांगायचं नसतं, हे मान्य. सात वर्षांच्या मुलाला काकाने आत्महत्या केली हे सांगायची घाई नको. पण "काका आजारी होता" असं सांगितलंत तर ते नंतर बदलता येईल इतपत खरं असू द्या. जमिनीच्या वाटणीवरून काकांशी बोलणं बंद आहे, हे मुलांना आपण समजतो त्याच्या बरंच आधी कळलेलं असतं. तिथे आपली बाजू सांगून झाली की काकांची बाजूही सांगावी, जितकी आठवते तितकी. कठीण जातं. एकदा करून बघा.

एक प्रश्न मात्र येणार, तयारी ठेवा. मुलगी विचारेल: "संपात आजोबा शेवटपर्यंत बाहेर राहिले, की कामावर गेले?" काही आजोबा गेले होते. घरात आजारी माणूस होतं, पोरीचं लग्न ठरलं होतं, किंवा नुसती भूक होती. चाळीतल्या लोकांनी मग त्यांच्याशी बोलणं सोडलं. शेवटपर्यंत बाहेर राहिलेल्यांनी बायकोचं मंगळसूत्र विकलं आणि तिला विचारलंही नाही, असंही झालं. यातलं कोण बरोबर, याचा निकाल तुम्ही द्यायची गरज नाही. नववीतली मुलगी त्यावर तास-दोन तास वाद घालू शकते, घालू द्या. आजोबा हयात असतील तर त्यांच्यासमोर घालू द्या.

आणि घराची गोष्ट आजोबांपाशीच संपते, असं मुलांना वाटायला नको. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तुमचा पगार कापला होता. तेव्हा मुलगा पाच-सहा वर्षांचा होता, त्याला फक्त शाळा बंद आणि बाबा घरात एवढंच आठवतं. तुम्ही कोणाकडून उसने घेतले, कोणी न मागता दिले, कामवाल्या मावशींना त्या महिन्यांत पैसे पाठवलेत की नाही, हे त्याला ठाऊक नाही. आता तो बारा वर्षांचा असेल. पगार किती होता, किती कापला गेला, तो आकडा त्याला सांगा. मावशींना पाठवलेत की नाही, तेही.